काढ्याचा डबा

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरातले दोन डबे घासूनपुसून अंगणातल्या उन्हात पडतात. एक मोठा पितळी, फराळाचा. दुसरा चपटा, पत्र्याचा, झाकणाच्या कडेला गंज धरलेला. पहिल्याविषयी दिवाळी अंकाच्या वाचकांना मी काय नवे सांगणार? तो घरोघर असतो आणि भाऊबीजेच्या सुमारास तळ दाखवू लागतो. मला सांगायचे आहे ते दुसऱ्याविषयी. त्यात सुंठीचे तुकडे, ओवा, बाळंतशेपा, दालचिनीच्या साली, मूठभर मिरी आणि कागदाच्या पुडीत हिंगाचा खडा असतो. हा माझ्या सासूबाईंचा काढ्याचा डबा. मध्यंतरी तीन वर्षे तो माळ्यावर पडून होता. तो वर का गेला आणि खाली कसा आला, त्याची ही हकिकत.

मी मूळची सोलापूरची. दहावी झाल्यावर दोन वर्षांनी लग्न झाले आणि मळवली स्टेशनापासून आत, लोहगड-विसापूरच्या पायथ्याशी असलेल्या गावात नांदायला आले. सोलापूरकडे वर्षाकाठी साताठशे मिलिमीटर पाऊस पडला की माणसे देवाला नारळ फोडतात. इकडे लोणावळ्याला चार हजारांच्या वर पडतो. हे आकडे मी शाळेत पाठ केले होते. पण आकडा पाठ करणे वेगळे आणि त्या आकड्यात संसार करणे वेगळे, हे पहिल्याच आषाढात कळले. भिंतीला ओल, अंथरुणाला ओल, मिठाला पाणी सुटलेले, काडेपेटीतल्या दहा काड्या मोडाव्या तेव्हा अकरावी पेटायची. ‘इथे कपडे वाळत नाहीत, नुसते शिळे होतात,’ असे मी आईला पत्रात लिहिल्याचे आठवते.

त्यात आवणी आली. ज्यांनी मावळातली आवणी पाहिली नाही त्यांना एवढेच सांगते, की आपल्या ताटातला आंबेमोहोर किंवा इंद्रायणी म्हणजे कोणातरी बाईची दिवसभर वाकलेली कंबर असते. इंद्रायणी हे वाण तर आमच्याच वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातले. पण वाण कोणतेही असो, लावायचे ते हातानेच. वरून पाऊस, खाली नडगीभर गार चिखल, डोक्यावर प्लास्टिकची खोळ आणि हातात तरव्याची मूठ. सासूबाई तेव्हाही जुने इरलेच घेत. त्यांच्या मागून चालताना वाटे, खाचरातून एखादे कासव दोन पायांवर निघाले आहे.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी माझी पाळी आली. ओटीपोटात कळा सुरू झाल्या. नव्या सुनेने हे सांगायचे कोणाला? दात आवळून मी रोपे खोचत होते. सासूबाई चार हातांवर होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “पोरी, बांधावर जा.”

“काय न्हाय, आत्याबाई.”

“काय झालं ते मी इचारलं का? बांधावर जा म्हनलं.”

घरी येऊन त्यांनी चूल पेटवली. खलबत्त्यात सुंठ ठेचली. पातेल्यात ओवा, बाळंतशेपा, दालचिनी, चार मिरी टाकून पाणी ओतले आणि ते चौथाईवर येईपर्यंत उकळत ठेवले. शेवटी गुळाचा खडा आणि तुपात फुललेला चिमूटभर हिंग. दुसरीकडे तव्यावर ओवा तापवून त्याची पुरचुंडी बांधली आणि माझ्या हातात दिली. “पोटात गारठा बसलाय. गारठा आपसूक उठत न्हाय, त्याला उठवावा लागतो,” एवढे बोलून त्या परत खाचरावर गेल्या. त्या काढ्याची चव? घशातून विस्तव उतरावा तशी. पण अर्ध्या तासात मला झोप लागली आणि दिवस मावळल्यावर जाग आली.

माझी पात त्या दिवशी कोणीतरी पुरी केली होती. कोणी काही बोलले नाही. हळूहळू मला त्यातली मेख कळली. गावात कोणतीही बाई ‘दुखतेय म्हणून बसते’ असे म्हणत नसे. म्हटले असते तर तिला नाजूक म्हटले असते, आणि आवणीच्या दिवसांत नाजूक हा शब्द शिवीसारखा वापरतात. पण सासूबाईंचा एक नियम होता : ‘काढा घेतलेल्या बाईनं वल्यात जायचं नसतं, काढा बाधतो.’ औषधाचे पथ्य म्हटल्यावर नवरा, दीर, सासरा कोणाची बोलायची टाप नव्हती. आज बालवाडीत मुलांच्या आयांनी पाठवलेल्या चिठ्ठ्या वाचताना मला वाटते, तो काढा म्हणजे रजेचा अर्जच होता. सुनेच्या वतीने सासूच लिहायची आणि सासूच मंजूर करायची. आसपासच्या चार घरांतल्या बायकाही म्हणून आमच्या चुलीपाशी येत. काढा त्यांना आपापल्या घरीही करता आला असता. सासूबाईंचे पथ्य मात्र त्यांच्याच हातून मिळायचे.

आता काढ्यात गुण नव्हता असे नाही. पोटात गारठा शिरून बसत नाही, हे खरे. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात, त्यांनी स्नायू आवळतात आणि कळ येते. चरकसंहितेत ‘उदावर्तिनी’ म्हणून जी व्याधी सांगितली आहे तिचे लक्षणच असे, की वायू उलटा फिरतो, फार दुखते आणि स्राव मोकळा झाला की बाईला आराम पडतो. वायू म्हणा, गारठा म्हणा. पाहणाऱ्याने नीट पाहिले होते. आणि सुंठीच्या पुडीवर अलीकडे देशोदेशी चाचण्या झाल्या. पाळीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत रोज पाऊण ते दोन ग्रॅम घेतल्यास दुखणे कमी होते असे त्यांत आढळले. पोट शेकण्याचाही गुण तपासून पाहिला गेला आहे. तेव्हा सासूबाईंची पुरचुंडी काही अगदीच अडाणी नव्हती. मला तर त्या काढ्याचा इतका अभिमान वाटू लागला, की माझ्या दुसऱ्या कादंबरीत मी त्याच्यावर चांगली सहा पाने खर्च केली.

पुढची गोष्ट सांगताना त्या सहा पानांचीच मला लाज वाटते.

पाच वर्षांपूर्वीचा श्रावण. माझ्या जाऊबाईंची मुलगी तेव्हा चौदा वर्षांची. संध्याकाळी शाळेतून आली आणि एकाएकी पोट धरून बसली. “आजी, खाली दुखतंय.” सासूबाईंनी डबा काढला. काढा झाला, शेक झाला. रात्री पोरीला दोनदा उलटी झाली. सकाळी दुसरा काढा झाला. जाऊबाई म्हणाल्या, पोर भिजून आली होती. सासूबाई म्हणाल्या, गारठा जुना दिसतो.

मी उंबऱ्यात उभी होते. पोर उजव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. दुखणे मधोमध नव्हते, एका अंगाला होते. कळ येत-जात नव्हती. आली ती अवचित, आणि ठाण मांडून बसली होती. शिवाय तिची पाळीची तारीख नव्हती. ती मला माहीत होती, कारण हे असले सगळे ती आईला न सांगता मला सांगत असे. ‘हे नेहमीचे नव्हे’ हे वाक्य माझ्या मनात पुरते तयार झाले होते, आणि मी ते बोलले नाही. जाऊबाईंच्या लेकीच्या बाबतीत आपण कशाला तोंड घालायचे, हे एक. सासूबाईंच्या काढ्याला नाव कसे ठेवायचे, हे दुसरे. आणि तिसरे, जे मी इतके दिवस कोणाजवळ बोलले नाही, ते असे की त्या काढ्यावर मी सहा पाने लिहिली होती. आपण छापलेले खोटे ठरावे असे कोणत्या लेखकाला वाटते?

दुपारी पोरीला ताप भरला. मग धावाधाव. धुक्यातून जीप, आधी लोणावळा, तिथून पुढे मोठा दवाखाना. सोनोग्राफी झाली, रात्रीच शस्त्रक्रिया झाली. बीजकोशाला पीळ पडला होता. रक्त तुटल्यामुळे तो काळा पडला होता, काढावा लागला. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “कालच आणली असती तर कदाचित वाचवता आला असता. एका बाजूची अचानक कळ आणि सोबत उलटी, अशा वेळी थांबायचे नसते.” दुसरा बीजकोश चांगला आहे, पुढे काही अडणार नाही, असा धीरही त्यांनी दिला. पोर आठवड्याने घरी आली.

त्याच दिवशी सासूबाईंनी शिडी लावली, डबा माळ्यावर ठेवला आणि शिडी परत गोठ्यात नेली. कोणी त्यांना बोलले नव्हते. बोलायचेच तर मला बोलायला हवे होते. पण माझा अपराध कोणाला दिसलाच नव्हता. बोललेले ऐकू येते, न बोललेले कोण ऐकणार?

त्यानंतर कोणाचेही पोट दुखले तरी सासूबाईंचे एकच उत्तर : “दवाखान्यात जा.” वाटेल, की झाले ते बरेच झाले. मलाही तसेच वाटले. पण पुढच्या आवणीत एक गोष्ट ध्यानात आली. शेजारची नवी सून कळा येऊ लागल्या म्हणून बांधावर आली, पदराच्या गाठीतली गोळी घेतली आणि दहा मिनिटांनी परत चिखलात उतरली. गोळी चांगली होती, तिने कळ थांबली. पण गोळीला पथ्य नसते, आणि गोळीला रजाही लागत नाही. डबा माळ्यावर गेला त्याबरोबर बायकांच्या हक्काचा तो एक कोरडा दिवसही माळ्यावर गेला. तो खाली कसा आणायचा हे मला सुचत नव्हते. सासूबाईंपुढे विषय काढायचे धाडस तर नव्हतेच.

तो खाली आणला एका परक्या मुलीने.

दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा. भाजे लेणी पाहायला आलेले लोक पावसाने गाठले की आमच्या पडवीत उभे राहतात. त्या दिवशी एक मुलगी आली. पंचविशीतली, पाठीवर पिशवी, ओलीचिंब. लोणावळ्याच्या कैवल्यधामात योग शिकायला आलेली, चीन देशातली. ही संस्था स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली काढली. योग नुसता श्रद्धेवर न सोडता शास्त्राच्या कसोटीला लावायचा, हा त्यांचा ध्यास. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय घडते ते त्यांनी त्या काळात क्ष-किरणांनी तपासले होते. तिथे देशोदेशीची माणसे येतात, म्हणून परदेशी पाहुण्याचे आम्हाला नवल नाही. नवल वाटले ते सासूबाईंचे. त्या मुलीचा उतरलेला चेहरा आणि पोटावर दाबून धरलेला हात पाहून त्या जाग्यावरून उठल्या. तीन वर्षांत त्या अशा उठल्या नव्हत्या.

माझ्या लेकीला म्हणाल्या, “हिला इंग्रजीत इचार. मधोमध दुखतं का एका कुशीला? हळूहळू चढलं का एकदम आलं? वकारी झाली का? ताप? म्होरच्या महिन्यात असंच दुखलं व्हतं का?”

लेकीने एकेक प्रश्न विचारला. मी ऐकत राहिले. डॉक्टरीणबाईंनी त्या रात्री जे जे विचारले होते ते सगळे या निरक्षर बाईने तीन वर्षे मनात जपून ठेवले होते. उत्तरे आली : मधोमध, दर महिन्याला असेच, उलटी नाही, ताप नाही, कालच पाळी आली. सासूबाई क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “शिडी लाव.”

डबा उतरला खरा. पण उघडून पाहतो तो ओव्याचा वास उडालेला, सुंठीला भुंगा लागलेला. सगळे दुकानातून ताजे आणावे लागले. जुन्यातली कामाला आली ती फक्त दालचिनी.

काढ्याला उकळी फुटली तशी ती मुलगी चुलीशी सरकून बसली. पाट्यावरचे बाळंतशेपाचे दाणे हातात घेऊन तिने हुंगले आणि लेकीशी घडाघडा बोलू लागली. तिची आजीही असाच काढा करी. त्यात बडीशेप, सुंठ, दालचिनी. शिवाय दोन-तीन मुळ्या, आणि एक डिंक, जो लेकीने फोनवर शोधला तेव्हा आपला हिराबोळ निघाला. तोच, जो आपण बाळंतिणीला देतो. काढ्याचे नाव ‘शाओफू चूयू थांग’, म्हणजे ओटीपोटात साकळलेले रक्त हुसकून लावणारा काढा.

“आमी गारठा म्हंतो, त्या साकळलं म्हंत्यात,” सासूबाई म्हणाल्या. “दुखतं त्येच.”

त्या काढ्यात उडत्या खारीच्या लेंड्याही घालतात, असे तिने जरा संकोचाने सांगितले. मला हसू आवरेना. सासूबाई गंभीरपणे म्हणाल्या, “हसतीस काय? आपल्यात गोमूत्र घेत्यातच की.”

बोलता बोलता माझे माहेर निघाले. सोलापूर हे नाव तिला ठाऊक नव्हते. पण माझ्या तोंडून डॉक्टर कोटणीसांचे नाव निघाले, लेकीने फोनवर त्यांचे चित्र दाखवले, आणि ती मुलगी ताठ बसली. “के दिहुआ!” त्यांचे हे चिनी नाव. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचे पथक युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेले, त्यातले हे द्वारकानाथ कोटणीस. जखमींच्या शस्त्रक्रिया करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच वारले. त्यांची समाधी हबेई प्रांतातल्या शिज्याझुआंग शहरात आहे आणि ही मुलगी त्याच शहरातली. शाळेतून फुले घेऊन तिथे गेल्याचे तिने सांगितले. माझ्या गावच्या माणसाला फुले वाहणारी मुलगी माझ्या सासूच्या चुलीशी बसली होती. मला काय वाटले ते लिहीत नाही, वाचकांना कळेल.

मग तिने त्या काढ्याच्या जनकाची गोष्ट सांगितली. वांग चिंगरेन नावाचा वैद्य, तोही हबेईचाच, जन्म १७६८ चा. जुन्या ग्रंथांतली शरीराच्या आतली वर्णने एकमेकांशी जुळेनात, तेव्हा त्याला प्रश्न पडला, की आत काय आहे ते न पाहता आपण औषध देतो तरी कसे? १७९७ साली मुलांच्या साथीत पुष्कळ बालके दगावली. गरिबांनी ती उथळ पुरलेली असत. हा माणूस रोज पहाटे तिथे जाई आणि ज्या देहांची कुत्र्यांनी दशा केली होती त्यांच्यात आतडी कशी, काळीज कुठे, ते पाही. लोकांनी नावे ठेवली असतील. पुढे तेहतीस वर्षांनी, १८३० साली, त्याने वैद्यकातल्या चुका दुरुस्त करणारा ग्रंथ छापला. हा काढा त्याच ग्रंथातला. त्याचे सगळेच बरोबर होते असे नाही. रोहिण्यांतून वायू वाहतो असे तो समजे. पण न पाहता बोलायचे नाही, हा त्याचा हट्ट खरा होता.

लेक हे सगळे मराठीत सांगत होती. सासूबाई फुंकणी हातात धरून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “म्हंजी ज्यानं काढा दिला त्यानंच आदी आत डोकावून बघितलं.” आणि थोडे थांबून, “आपन बघितलं न्हाय.”

“आत्याबाई,” मी म्हणाले, “मी बघितलं होतं. मी बोलले नाही.”

तीन वर्षे अडकलेले ते वाक्य असे चुलीपुढे, परक्या मुलीसमोर बाहेर पडले. एका कुशीचे दुखणे, चुकलेली तारीख, माझी सहा पाने, सगळे मी सांगितले. जाऊबाई दारात उभ्या होत्या, त्यांनीही ऐकले. कोणी काही म्हणाले नाही. सासूबाईंनी काढा गाळला, पेला त्या मुलीच्या हातात दिला आणि मला म्हणाल्या, “म्होरल्या टायमाला बोल.”

ती मुलगी पुरचुंडी पोटाशी धरून दोन तास झोपली आणि संध्याकाळच्या लोकलने लोणावळ्याला गेली.

डबा पुन्हा माळ्यावर गेला नाही. आता सासूबाईंचा नवा नियम आहे. आधी पाच प्रश्न. त्यांत एक उत्तर वाकडे आले तर चूल पेटवायची नाही. आणि चूल पेटली तरी दुसरा काढा नाही. “येक काढा, मंग मोटार,” असे त्या म्हणतात. आणि काढा घेतलेल्या बाईने ओल्यात जायचे नाही, हा जुना नियम पूर्वीसारखाच लागू आहे. यंदाच्या आवणीत ती शेजारची सून दोन दिवस आमच्या पडवीत झोपून होती. गोळीही घेतली, काढाही घेतला. सासूबाईंनी दोन्हीला पथ्य एकच सांगितले.

माझी पुतणी आता एकोणीस वर्षांची आहे. शिकायला पुण्यात असते. परवा सुट्टीला आली ती पिशवी टाकून आधी अंगणात बसली, उन्हातला डबा पुढ्यात ओढला आणि ताजी सुंठ निवडून भरू लागली. तिच्या हातात तो डबा पाहून मी जरा चपापले. तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “काकी, अशी काय बघतेस? मला पण लागतो काढा.”

भरून झाल्यावर तिने झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला. सासूबाईंनी विचारले, “काय गं लिवलंस?”

“जीपवाल्याचा नंबर, आजी.”

सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी कागदावरून बोट फिरवले, कडा नीट बसल्या आहेत का ते चाचपले, आणि झाकण लावून डबा फडताळात, हाताला येईल असा ठेवला.